मांडीतलं लोखंड

ट्यूबलाइटला वायर नव्हती. ती भिंतीवर बसवलेलीही नव्हती. महाराजांनी ती नुसती हातात धरली होती, आणि ती पेटली. आधी एका टोकाला जांभळट थरथर, मग मधोमध दुधाळ उजेड, मग सगळी नळी लख्ख. हॉल खच्चून भरलेला होता, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. मागच्या बाजूला एका बाईला हुंदका फुटला आणि त्यासरशी सगळ्यांचे हात जोडले गेले.

"ही वीज नाही," महाराज कॉलरला लावलेल्या छोट्या माइकमधून हळुवार म्हणाले. "विजेला वायर लागते, बटण लागतं, महिन्याचं बिल लागतं. उबेला काही लागत नाही. तिला फक्त तुमचा होकार लागतो."

लोक त्यांना ऊबमहाराज म्हणत. पूर्वी त्या जागेत सोफ्यांची शोरूम होती. शोरूम बुडाली, पण तिची रस्त्याकडची काचेची भिंत, मरून गालिचा आणि उंच पाठीची एक मखमली खुर्ची मागे राहिली. ती खुर्ची आता एका लाकडी चौथऱ्यावर ठेवली होती. आजारी माणसाने तिच्यात बसायचं, महाराजांनी शेजारी उभं राहून एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, दुसऱ्या हातात ट्यूब धरायची. ट्यूब उजळली की बसलेल्याच्या अंगात ऊब शिरायची. वरवरची नाही, थेट आत, हाडापर्यंत. बसण्याआधी घड्याळ, अंगठी, किल्ल्या, नाणी, मोबाइल, सगळं एका टोपलीत काढून ठेवावं लागे. "धातू म्हणजे मोह," महाराज सांगत. "मोह बाहेर राहू द्या."

पण लोक खरे वेडे झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. महाराजांना माणसाच्या आतलं दिसायचं. दोन बोटं कपाळाला लावून, डोळे मिटून ते एखाद्याला उभं करत आणि सांगत, तुझ्या उजव्या फुप्फुसावर जुना डाग आहे. तुझं मनगट लहानपणी मोडलं होतं, वाकडं जुळलंय. आणि ते शंभर टक्के खरं निघे. ज्यांच्या बाबतीत काहीच दिसत नसे, त्यांना सांगितलं जाई की तुमची वेळ अजून आलेली नाही. ते बिचारे पुन्हा पुन्हा येत.

हे सगळं मला फार उशिरा कळलं, कारण माझ्या मावशीने ते माझ्यापासून लपवलं होतं.

मी सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. जुळलेली हाडं आणि आखडलेले सांधे पुन्हा चालते करणं हे माझं रोजचं काम. मावशी कपडे अल्टर करून देते. खिडकीजवळ शिलाई मशीन, बाजूला लोकांच्या पँटींचा ढीग, तोंडात टाचण्या आणि त्या टाचण्यांमधून अखंड बडबड, अशी ती. दोन वर्षांपूर्वी बसमधून उतरताना पडली आणि तिची डावी मांडी मोडली. आमच्या दवाखान्यातल्या हाडांच्या डॉक्टरांनी हाडात स्टीलचा रॉड घातला, वर खाली स्क्रू लावले. मी तिला चालायला शिकवलं. शिव्या देत, रडत, मला हिटलर म्हणत ती चालली. पुन्हा मशीनवर बसली. फक्त दिवसभर पायडल मारल्यावर संध्याकाळी मांडी ठणकायची. मी तिला व्यायाम सांगायची, ती हो हो म्हणायची आणि करायची नाही.

त्या ठणक्यासाठी ती ऊबमहाराजांकडे गेली. मला सांगितलं असतं तर मी डोकं खाल्लं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती काकांना घेऊन गेली. काका म्हणजे तिचे यजमान. त्यांचं आयुष्य घड्याळं दुरुस्त करण्यात गेलं. आता कानाला कमी ऐकू येतं, यंत्र लावतात, आणि मावशीच्या शब्दाबाहेर जात नाहीत.

पहिल्याच दिवशी महाराजांनी तिला उभं केलं. डोळे मिटले, आणि भर हॉलमध्ये म्हणाले, "माउली, तुझ्या डाव्या मांडीत लोखंड आहे. वरपासून गुडघ्यापर्यंत. ते तुला छळतंय."

मावशी तिथेच रडायला लागली. कुणाला न सांगता कळलं, म्हणजे हा माणूस साधा नाही, एवढंच तिच्या मनात आलं. तिला खुर्चीत बसवलं. ऊब आली. बरंही वाटलं. ती पुन्हा गेली, मग पुन्हा. काही दिवसांनी मांडीत आत काहीतरी चावल्यासारखं व्हायला लागलं. तिने ते महाराजांना सांगितलं, तेव्हा त्यांनी समजूत घातली की दुखणं बाहेर पडताना ओरडतंच, आता थांबलीस तर अर्धवट राहील. मावशी थांबली नाही. खुर्चीत दात आवळून बसायची आणि लोक तिच्याकडे कौतुकाने बघायचे.

ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या अंगात ताप होता आणि पाय जमिनीला टेकवत नव्हता. बाहेरून बघावं तर मांडीच्या वरच्या बाजूला तळहाताएवढी लाली, बाकी कातडी चांगली. डॉक्टरांनी ऑपरेशन करून मांडी उघडली. बाहेर आले तेव्हा त्यांनी मास्क काढला नाही, तसेच भिंतीला टेकून उभे राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले की रॉडच्या दोन्ही टोकांना, स्क्रूंच्या भोवती, मांस भाजलेलं आहे. भाजून मेलेलं आहे आणि त्यात पू झालाय. एवढ्या वर्षांत त्यांनी असं पाहिलं नव्हतं. "आगीवर धरलेला माणूस बाहेरून भाजतो," ते म्हणाले. "तुमची मावशी आतून भाजली आहे."

काका कॉरिडॉरच्या बाकावर बसले होते. मी त्यांच्यापुढे बसले आणि त्यांना विचारलं, मावशी कुठे जात होती. त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. मग सगळं सांगितलं, वर मी तुम्हाला सांगितलं तसंच. ट्यूब, खुर्ची, टोपली, ऊब. आणि एक गोष्ट जास्त सांगितली. त्या खुर्चीजवळ गेलं की त्यांचं कानातलं यंत्र किंचाळायचं. महाराज म्हणाले, हा तर दिव्य नाद, तुम्ही भाग्यवान. काकांनी मात्र भाग्य काढून खिशात टाकलं होतं, कारण त्याने त्यांचं डोकं दुखायचं.

काका बोलत होते आणि मला त्यातली एकेक गोष्ट ओळखीची वाटत होती. माझ्या खोलीच्या भिंतीवर एक पाटी आहे. शेक घेण्यापूर्वी घड्याळ, दागिने, नाणी, मोबाइल, कानातलं यंत्र काढून ठेवा. शरीरात रॉड, प्लेट किंवा हृदयाचं यंत्र असल्यास आधी सांगा. ती पाटी शॉर्टवेव्हच्या मशीनसाठी आहे. पेशंट त्याला शेकाचं मशीन म्हणतात. दोन गाद्यांसारख्या पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये दुखणारा भाग ठेवायचा. पट्ट्या अंगाला टेकवायच्या नसतात. त्यांच्यामधून रेडिओच्या जातीच्या लहरी जातात आणि मांस आतून गरम होतं. उपचार चांगला आहे, गुडघ्याला, कंबरेला खरोखर आराम पडतो. पण त्या वाटेत धातू आला, की सगळी उष्णता त्याच्या टोकांशी गोळा होते. आणि त्या लहरींच्या जवळ ट्यूबलाइट नेली तर ती वायरीशिवाय पेटते. त्यात दैवी काही नाही. आतला वायू त्या लहरींनी उजळतो, बस.

आमचं जुनं शेकाचं मशीन गेल्या वर्षी बाद झालं होतं. नवीन आलं, जुनं दोन माणसांनी ढकलत नेलं. कुठे नेलं, ते कुणी विचारलं नाही.

मी डॉक्टरांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. शेकाचं मशीन समजलं, पण तिच्या मांडीतला रॉड त्याला कसा दिसला? मी काकांकडे वळले. काकांनी सांगितलं की आत सोडण्याआधी दारात एक माणूस नाव, वय, पत्ता विचारतो आणि मग महाराज पडद्यामागे बराच वेळ ध्यानाला बसतात. तेव्हा डॉक्टरांनी सावकाश विचारलं, "आपलं जुनं एक्स-रेचं मशीन, ते कॉम्प्युटरवालं, तेही त्याच वेळी बाद झालं ना?"

त्यात आमच्या दवाखान्यात काढलेला प्रत्येक फोटो साठवलेला होता. नावासकट.

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं. चौकीतल्या साहेबांनी आधी हा श्रद्धेचा विषय आहे वगैरे सुरू केलं, मग डॉक्टरांनी मावशीच्या जखमेचा फोटो त्यांच्या टेबलावर ठेवल्यावर दोन शिपाई पाठवायचं कबूल केलं. ते कधी येतील याचा भरवसा नव्हता. आम्ही वाट पाहिली नाही. मी विजेच्या सामानाच्या दुकानातून ट्यूबलाइटचा एक खोका घेतला. डॉक्टर, काका आणि मी, तिघेही पुढच्या सत्राला गेलो. दारातल्या माणसाला मी खोटं नाव सांगितलं.

महाराज म्हणवणारा तो माणूस मी प्रथमच पाहत होते, असं मला वाटलं होतं. पांढरी दाढी, पांढरा झगा, मधाळ आवाज. एका बाईला खुर्चीत बसवून त्याने ट्यूब उचलली. खुर्चीच्या पाठीवरचा हात अगदी थोडा, घड्याळाच्या काट्यासारखा, उजवीकडे फिरला. नजर ट्यूबवर होती. उजेड वाढला, किंचित उतरला, हात थोडा मागे आला, उजेड पुन्हा चढला आणि तिथे थांबला. समाधानाने त्याने खालचा ओठ आत ओढला.

तो ओठ मी ओळखला. हा माणूस कंपनीकडून आमची मशीनं दुरुस्त करायला यायचा. तेव्हा दाढी नव्हती, खांद्याला हत्यारांची पिशवी असायची. मशीन चालू आहे की नाही हे बघायला तो खिशातून बोटभर ट्यूब काढून पट्ट्यांजवळ धरायचा, आणि ती सगळ्यात जास्त उजळेल तिथे बटण आणून ठेवायचा. मी नोकरीत नवी होते. मला त्यानेच शिकवलं होतं. अगदी कळकळीने शिकवलं होतं.

मी पहिल्या रांगेत होते. कागदात गुंडाळलेली ट्यूब काढून मी पुढे धरली. ती पेटली. शेजारी आईबरोबर आलेली शाळेतली मुलगी होती, तिच्या हातात दिली. तिच्याही हातात पेटली. काकांच्या हातातली पेटली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मला वाटलं, झालं, संपला खेळ.

महाराज क्षणभर थांबले, मग हसले. "पाहिलंत? आज ऊब वाटली जातेय. ज्यांचा भाव शुद्ध, त्यांच्या हाती ती उतरतेय." आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याच ट्यूबला लोकांनी हात जोडले. ती मुलगी भेदरून माझ्याकडे बघत होती.

खोटारड्याला एवढी सोय कोण करून देतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुरावा डोळ्यांपुढे लखलखत असला तरी माणसं त्याचाही चमत्कार करतात. मी तोंड उघडून काही बोलणार, तोच त्याने बाईला उतरवून पुढचं नाव पुकारलं.

एक निवृत्त ग्रंथपाल उठले. उंच, वाकलेले, मुलीच्या दंडाला धरून. महाराजांनी दोन बोटं कपाळाला लावली. "आजोबा, तुमच्या छातीत डाव्या बाजूला एक छोटं यंत्र आहे. त्याच्या तारा हृदयात गेल्यात. तुमचं हृदय माणसाच्या हातात आहे. आज ते उबेच्या हातात द्या."

हॉलमधून उसासा उठला. मुलीने डोळ्यांना पदर लावला. आजोबांनी टोपलीत घड्याळ टाकलं आणि चौथऱ्यावर पाय ठेवला.

मी कशी वर गेले ते मला आठवत नाही. मी खुर्ची आणि ते आजोबा यांच्यामध्ये उभी होते. मी त्यांना म्हटलं, इथे बसू नका, बसलात तर तुमचं यंत्र बंद पडू शकतं. दोन सेवक धावले. महाराजांनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांना लोकांसमोर दयाळू दिसायचं होतं.

"बाई, श्रद्धेच्या आड येऊ नका," ते म्हणाले.

"येत नाही. आधी तुम्ही बसा." मी टोपलीतून किल्ल्यांचा एक मोठा जुडगा उचलला. "हा मांडीवर ठेवून बसा. बटण तुमच्या हाताखाली आहेच, ते मी फिरवते. तुमचीच ऊब तुमचं काय वाकडं करणार?"

लोक बघत होते. कुणीतरी मागून म्हणालं, बसा महाराज, दाखवून द्या तिला. मग अजून दोघे तसंच म्हणाले. ते भक्तच होते, त्यांना खात्री होती. महाराज बसले नाहीत. किल्ल्यांकडे पाहत उभे राहिले आणि नकळत एक पाऊल मागे सरकले. ते पाऊल सगळ्यांनी पाहिलं.

मी त्यांच्या जवळ गेले. "रॉड असेल तर चुकूनही लावू नका. आतून भाजतं आणि बाहेर कळत नाही. हे मला तुम्हीच शिकवलं होतंत. डावी मांडी, वरपासून गुडघ्यापर्यंत. तुम्हाला दिसत होतं. दिसत असताना तुम्ही तिला बसवलंत."

त्यांनी मला ओळखलं. चेहऱ्यावरचा सगळा मध उतरला. अगदी हळू, फक्त मला ऐकू जावं अशा आवाजात ते म्हणाले, "मॅडम, इथे नको. आपण मागे बसून बोलू."

कॉलरला माइक होता. ते वाक्य चारही स्पीकरमधून हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं.

त्यानंतर आरडाओरडा झाला नाही. मला तो अपेक्षित होता, पण झाला नाही. डॉक्टरांनी भिंतीवरचं मेन स्विच पाडलं आणि शाळेतली जी मुलगी अजून ट्यूब धरून बसली होती, तिच्या हातातली ट्यूब विझली. काकांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला, गुडघे टेकून चौथऱ्याच्या एका बाजूची फळी काढली. आत आमचं मशीन होतं. त्याचं एक बटण तुटल्यावर मी रेडिओचं बटण बसवून घेतलं होतं, तेसुद्धा तसंच होतं. त्याच्या दांड्याला नळी जोडून ते खुर्चीच्या पाठीपर्यंत वर आणलं होतं. एक पट्टी बैठकीच्या गादीत शिवलेली, दुसरी पाठीत.

डॉक्टर पडद्यामागे गेले आणि तिथला स्क्रीन, बॅटरीवर चालत होता तो, ओढत बाहेर आणून लोकांकडे वळवला. त्यावर छातीचा एक फोटो होता. बरगड्यांच्या पांढऱ्या कमानी, आणि छातीच्या डाव्या बाजूला नाण्याएवढं एक यंत्र, दोन तारा खाली उतरलेल्या. कोपऱ्यात नाव. ग्रंथपाल आजोबा चष्मा पुसून जवळ आले आणि त्यांनी कोपऱ्यातलं नाव वाचलं.

"हा मी आहे," ते म्हणाले. "हा फोटो मी दवाखान्यात काढला होता. यांच्याकडे कसा आला?"

शिपाई आले तेव्हा महाराज त्यांच्याच खुर्चीच्या शेजारी, खाली गालिच्यावर बसले होते. सेवक पसार झाले होते. एका बाईने मला रागाने सांगितलं की तिचे गुडघे इथेच बरे झाले, ते काय खोटं? मी तिला म्हटलं, खोटं नाही. शेकाने गुडघ्याला आराम पडतोच. तो आमच्याकडे फुकट मिळतो आणि देण्याआधी आम्ही विचारतो की तुमच्या अंगात काही बसवलंय का. त्या माणसाने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तो डॉक्टरसारखा दिसला असता. देवाला प्रश्न विचारावे लागत नाहीत, म्हणून त्याने देव व्हायचं ठरवलं.

गोष्ट इथे संपवली तर तुम्ही त्या दाढीवाल्याला चार शिव्या घालून मोकळे व्हाल. मला तुम्हाला मोकळं होऊ द्यायचं नाही. आजोबांचा प्रश्न अजून तसाच आहे. त्यांच्याकडे कसा आला?

मी तो प्रश्न घेऊन आमच्या अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेले. एसी चालू होता, ते चहा पीत होते. त्यांनी मला समजावून सांगितलं की वस्तू एकदा बाद ठरली की दवाखान्याची जबाबदारी संपते. बाद माल भंगारवाल्याला जातो, तो पुढे काय करतो ते आपण कसं बघणार? मी विचारलं की शेकाच्या मशीनच्या वायरी कापून, आतला मुख्य भाग काढून का दिलं नाही. स्टोअरकीपरला बोलावण्यात आलं. तो म्हणाला, सुटं केलं की भंगारवाला नाक मुरडतो, अख्खं असलं की लगेच उचलतो. मी विचारलं, एक्स-रेच्या कॉम्प्युटरमधले फोटो का पुसले नाहीत. तो खरोखर गोंधळला. कॉम्प्युटर बंद पडला होता, मॅडम, तो म्हणाला. बंद पडलेल्यातलं काय पुसायचं?

त्या बंद कॉम्प्युटरला सुरू व्हायला दुरुस्ती करणाऱ्या माणसाची एक दुपार पुरली होती.

मी आणि डॉक्टर त्या भंगारवाल्याच्या आवारात गेलो. पत्र्याची शेड, तेलकट जमीन. कोपऱ्यात नवजात बाळांना ठेवायच्या काचेच्या पेट्यांचा ढीग होता, एकीत कोंबडी बसली होती. बायका जुनी ब्लडप्रेशरची यंत्रं दगडाने फोडत होत्या. आतला पारा त्या उघड्या हातांनी गोळा करून प्लास्टिकच्या बाटलीत भरत होत्या. तो चमकत होता, बोटांमधून निसटत होता आणि त्या हसत होत्या. तो पारा श्वासातून आत जातो, हात थरथरायला लागतात, आठवण जाते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं. एकीने आपले हात पुढे धरले आणि ते थरथरत होते. तिला वाटत होतं, वयामुळे होतंय.

त्या आवारातली अर्धी यंत्रं आमची होती. आम्ही ज्या यंत्रांनी लोकांना बरं केलं, त्याच यंत्रांनी गावभर आजार वाटत होतो, आणि मधल्या काळात आमच्या खोल्या स्वच्छ, चकचकीत दिसत होत्या. बाद केलं, दारातून बाहेर गेलं, संपलं. ही पण अंधश्रद्धाच. वस्तू नजरेआड झाली की ती नाहीशी होते, असं मानणाऱ्याला मी सुशिक्षित कसं म्हणू? त्याच्यात आणि ट्यूबला हात जोडणाऱ्यात मला फारसा फरक दिसत नाही. हात जोडणाऱ्याने निदान कुणाला भाजलं नाही.

आम्ही भांडलो. ग्रंथपाल आजोबा आणि त्यांची मुलगी आमच्याबरोबर भांडले, त्या हॉलमधली बरीच माणसं भांडली. आपल्या शरीराचे फोटो भंगारात विकले गेले हे कळल्यावर माणसाला राग यायला वेळ लागत नाही. अधीक्षकांची बदली झाली. आता आमच्याकडे बाद मशीन आधी कंपनीचा माणूस माझ्यासमोर उघडतो, पुन्हा चालू होणार नाही असं सुटं करतो. कॉम्प्युटरची डिस्क काढून तिच्यात ड्रिलने भोकं पाडतात. पारा बंद बाटलीत, परवाना असलेल्या कारखान्यात जातो. त्या बायकांचं रक्त तपासलं. दोघींचे उपचार चालू आहेत. बाकीच्या दवाखान्यांत काय चालतं, मला माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, आणि म्हणूनच मी हे लिहिते आहे.

त्या माणसावर खटला चालू आहे. त्याचे वकील म्हणतात, त्याने कुणाला जबरदस्तीने बसवलं नव्हतं.

मावशीचा रॉड काढावा लागला. हाड कमकुवत आहे, बाहेरून पट्टा लावून ती वॉकर धरून चालते. पायडल मारता येत नाही, म्हणून काकांनी मशीनला मोटर बसवून दिली, ती तिला आवडत नाही. फार वेगात पळते म्हणते. वॉर्डमध्ये असताना एकदा शेजारच्या खाटेवरच्या बाईने तिला विचारलं होतं, तो खोटा होता तर त्याला तुमच्या मांडीतलं लोखंड दिसलं कसं? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मावशीने हाताने मला गप्प केलं.

"हेच मी त्याला विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "तुला कसं कळलं, एवढं विचारायला हवं होतं. मी पाया पडले."

म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. पाया पडू नका. कुणी हातात उजेड धरला तर चौथऱ्याखाली बघा. कुणी तुमच्या आतलं सांगितलं तर रडू नका, त्याला विचारा, तुला हे कुठून मिळालं. आणि कुणी साहेब म्हणाला की वस्तू बाद झाली, आपला संबंध संपला, तर त्यालाही तेच विचारा. कुठे गेली? कुणाकडे गेली? तिच्यात कोण आहे? उत्तर मिळेपर्यंत खुर्चीत बसू नका, आणि त्यालाही बसू देऊ नका.